आधी मूठ, मग चूल
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात काल्याच्या दिवशी केलेले भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली, त्यावर चार शब्द बोला असा निरोप आला. आम्ही चौथी शिकलेले. इतिहास सांगायला आपल्याकडे शिकलेली माणसं आहेत. आम्ही आज पैशाविषयी बोलणार आहोत. काही जण म्हणतील, महाराज कीर्तनात वैराग्य सांगतात आणि आज पैशाचं काय काढलं? ऐका, मग ठरवा.

आपली दिंडी सुरू झाली तेव्हा कुणाजवळ पैसा नव्हता. आमचे आजोबा सांगायचे, गावातली बाई पहाटे जात्यावर बसली की सुपातली एक मूठ ज्वारी आधी काढायची आणि कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. ती दिंडीची मूठ. मग उरलेलं दळायचं, मग चूल पेटायची. जेठात ती गाडगी रिकामी केली की वाटखर्चाची पोती भरायची. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, सुखडी खाऊन राहिली, तरी मूठ थांबली नाही. मूठ लहान झाली एवढंच. आपली दिंडी शंभर वर्षं त्या मुठीवर चालली.

त्या बाया जर म्हणाल्या असत्या, की आधी सगळ्यांचं जेवण होऊ द्या, उरलं तर टाकू, तर काय झालं असतं? गरिबाच्या घरात उरत नसतं मायबाप. काढून ठेवावं लागतं.

आता आमची कथा. आमच्या वडिलांनी बैल घ्यायला ४०० रुपये उचलले. व्याज रुपयाला महिन्याला एक आणा. ऐकायला एक आणा, पण वर्षाचा हिशेब करा. रुपयाला बारा आणे, म्हणजे ४०० ला वर्षाचं व्याज ३०० रुपये. सुगीला धान्य नेऊन घालायचं, ते व्याजातच जायचं, मुद्दल जागच्या जागी. शेवटी व्याजापोटी आम्हाला सावकाराची गुरं राखायला ठेवलं. आमची शाळा चौथीला सुटली ती अशी. बैल म्हातारा होऊन मेला, कर्ज मेलं नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, प्रपंचातली पहिली मुक्ती कर्जातून. तुकोबारायांच्या घराण्यात महाजनकी होती. दुष्काळाने घर बसलं. पुढे त्यांनी लोकांकडून येणं असलेली खतं काढली, भावाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, ही कथा तुम्हाला ठाऊक आहे. पण नीट बघा, त्यांनी बुडवलं ते स्वतःचं येणं. आपण सोसायटीचं देणं बुडवतो आणि म्हणतो, पैसा म्हणजे माया. त्याला वैराग्य म्हणत नाहीत.

आता जे सांगणार आहे ते सांगायला जीभ जड होते. पण शंभराव्या वर्षी दिंडीसमोर खोटं उभं राहायचं नाही.

पुष्कळ वर्षं झाली. गावात एक माणूस येऊ लागला. कपाळाला बुक्का, गोड बोलणं. चार वर्षांत दामदुप्पट म्हणायचा. दिंडीला त्याने तंबूचं कापड दिलं. आम्हाला भुरळ पडली. आम्ही स्वतःचे ४० हजार घातले, आणि एका कीर्तनानंतर, माळ गळ्यात असताना, लोकांना म्हणालो, माणूस चांगला आहे, हरकत नाही. आमच्या शब्दावर दिंडीतल्या अकरा जणांनी पैसे दिले. २०१२ साली त्याच्या कचेरीला कुलूप लागलं. माणूस गेला, पैसे गेले. तंबूचं कापड तेवढं राहिलं.

त्या अकरांमध्ये आपल्या दिंडीतली एक आजी होती. एकटी बाई, निंदण-खुरपण करून जमवलेले २० हजार. ती एक शब्द बोलली नाही. पुढच्या आषाढीला वारीला आली, पण भिशी भरली नाही. लोणंदच्या तळावर पंगत बसली तेव्हा आम्ही पाहिलं, आजी तंबूच्या मागे फडक्यातली भाकरी सोडून बसली होती. आम्ही म्हणालो, माऊली, पंगतीत चला. ती म्हणाली, "महाराज, भिशी भरली नाही. फुकटचा घास कसा घेऊ?"

तो घास आमच्या घशात अजून अडकलाय.

नऊ जण म्हणाले, महाराज, तुमचेही गेलेच की, सोडून द्या. पण आजीचे २० हजार आणि एका सालगड्याचे १५ हजार, हे दोघं सोसू शकणारे नव्हते. आम्ही घरी सांगितलं, हे ३५ हजार आपण फेडायचे. कारभारीण म्हणाली, कशातून? कीर्तनाचे पैसे आम्ही घेत नाही, शेत कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. तेव्हा तिलाच आठवण झाली. म्हणाली, दुधाची मूठ काढू.

डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो. पगार हातात आला की किराणा, पेंड, चहा, कशालाही हात लावण्याआधी २०० रुपये डब्यात. महिन्याला ६००. वर्षाला ७,२००. आधी आजीचे फिटले, मग सालगड्याचे. पाच वर्षं लागली. आजीचा शेवटचा हप्ता दिला त्या वर्षी तिने भिशी भरली आणि पंगतीत पहिल्या पानावर बसली. आम्ही वाढायला होतो. हात थरथरत होता.

मग गंमत झाली. फेडणं संपलं तरी २०० काढायची सवय सुटेना. कारभारीण म्हणाली, पाच वर्षं उपाशी मेलो का? चालू ठेवू. २०१८ ला पोस्टात आवर्ती ठेव उघडली, महिन्याला ६००. पाच वर्षांत ३६ हजार भरले, व्याजासकट ४३ हजारांच्या आसपास हातात आले. पुढे ऐन हरभऱ्याच्या दिवसांत मोटर जळाली. पूर्वी असं झालं की आम्ही टोपी सावरत कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसायचो. त्या वेळी पोस्टात गेलो. जन्मात पहिल्यांदा कुणापुढे हात न पसरता मोटर विहिरीत उतरली. आम्हाला स्वातंत्र्य कळलं ते त्या दिवशी. बंगला नको, गाडी नको. अडचणीच्या दिवशी आपल्याच घरात पैसा असावा.

आता तुमच्या कामाचं चार गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट, मूठ आधी. दुधाचा पगार असो, रोजगार असो, पोराची पगारपत्रक नोकरी असो. दिवसाचे १० रुपये म्हणजे वर्षाचे ३,६५० होतात. वीस वर्षांत आपण ७३ हजार भरतो, पण सात टक्के चक्रवाढीने त्याचे दीड लाखाच्या जवळ जातात. आमच्या नातीने मोबाइलवर गणित करून दाखवलं. व्याजावर व्याज चढतं. सावकाराकडून घेतलं की हेच व्याज आपल्याला खातं, आपण ठेवलं की आपल्यासाठी राबतं.

दुसरी गोष्ट, महाग कर्ज आधी फेडा. शेकडा तीन म्हणजे महिन्याचे तीन, वर्षाचे छत्तीस टक्के. असं कर्ज डोक्यावर असताना सात टक्क्यांनी ठेव ठेवणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं. एक सोपं गणित लक्षात ठेवा. ७२ ला व्याजाच्या दराने भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. छत्तीस टक्क्यांनी दोन वर्षांत देणं दुप्पट! आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर त्याचं व्याज पडत नाही, तो भार शासन उचलतं. पण मुदतीत फेडलं तर. आणि पीककर्ज पिकाला लावा. त्यातून मांडव घातला की सुगीला रडायची वेळ येते. लग्नाचं सांगतो, जेवणावळीला दोन भाज्या कमी केल्या म्हणून कुणाची लेक परत आलेली आम्ही पाहिली नाही.

तिसरी गोष्ट, दामदुप्पटवाल्याला ओळखा. तेच ७२ चं गणित. सरकारचं किसान विकास पत्र आज साडेसात टक्के देतं, त्याला दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने. मग कुणी चार वर्षांत दुप्पट म्हणाला तर ७२ ला चारने भागा, अठरा टक्के झाले. खात्रीने अठरा टक्के देणारा कोणता धंदा आहे, हे त्याला विचारा. आम्ही हे गणित तेव्हा केलं असतं तर आजी तंबूच्या मागे बसली नसती. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेलाही आहे, पण पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही. ठेवण्याआधी विचारा. विचारायला लाजू नका, गेल्यावर रडायला लाज वाटते.

चौथी गोष्ट, पैशाच्याही कणग्या वेगळ्या करा. खायची ज्वारी एका कणगीत, बियाणं दुसऱ्या. कितीही भूक लागली तरी बियाणं दळत नाही आपण. तसं सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत किंवा पोस्टात, कधीही काढता येईल असा. ती खायची कणगी. मग दहा-पंधरा वर्षं हात लावायचा नाही असं बियाणं. लेक दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी खातं उघडा. वर्षाला २५० रुपयांपासून भरता येतं, पंधरा वर्षं भरायचं, खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पुरं होतं, आणि अठरा झाल्यावर शिक्षणाला निम्मे काढता येतात. नातीचं खातं पोराने उघडलं, त्यात मूठ आम्ही टाकतो. पीपीएफ पंधरा वर्षांचं, वर्षाला ५०० पासून. शहरात नोकरीला असलेली आपली पोरं म्युच्युअल फंडात महिन्याला थोडे टाकतात. वाईट नाही, पण तो दिवेघाट आहे, चढ-उतार येणारच. ज्याला पुढची सात-आठ वर्षं त्या पैशाची गरज नाही त्यानेच त्या वाटेने जावं, आणि बियाणं विकून जाऊ नये. आणि विमा विसरू नका. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले तर अपघाती मृत्यूला घरच्यांना दोन लाख मिळतात. ४३६ रुपयांचा दुसरा आहे, तो कशानेही मरण आलं तरी दोन लाख देतो, त्यात पन्नाशीच्या आत शिरावं लागतं. खात्यावर वारसाचं नाव आहे का तेही बघा.

आणि हे सगळं वहीत लिहा. नाथमहाराजांची गोष्ट आहे. जनार्दनस्वामींकडे असताना एका पैच्या चुकीसाठी रात्रभर दिवा लावून हिशेब धुंडाळला, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. एका पैची चूक शोधताना ज्यांचं मन इतकं लागलं, त्यांचं देवातही लागलं. आपण मात्र महिन्याचे पैसे गेले कुठे म्हणून एकमेकांच्या तोंडाकडे बघतो. वही कारभारणीपासून लपवू नका. आमची तर तीच लिहिते, ती सातवी शिकली आहे.

शेवटी दोन मागणी मागतो. एक, आपल्या दिंडीच्या व्यासपीठावरून, कीर्तनात, पंगतीत, कुणालाही पैशाची योजना विकू देऊ नका. त्याने तंबू दिला, गाडी दिली, अन्नदान केलं तरी नाही. आम्ही सुद्धा कुणाची शिफारस केली तर आमच्या हातातला टाळ काढून घ्या. दुसरं, जी मूठ आपल्या आज्या दिंडीसाठी काढत होत्या, ती आता घरासाठीही काढा. दिंडीची वेगळी, घराची वेगळी. पुढच्या आषाढीला भिशी भरताना आपल्या दिंडीतल्या एकाही माऊलीने उसने घेऊन भरलेली नसावी, एवढं व्हावं.

आजी आता नाही. शेवटच्या वर्षी वारीत चालवेना तेव्हा तिने भिशीचे पैसे आमच्याकडे पाठवले. निरोप होता, मी येत नाही, माझ्या पानावर कुणाला तरी बसवा. त्या पानावर आम्ही दरवर्षी नवा वारकरी बसवतो.

त्या नऊ जणांची आणि दिंडीची, माळ हातात धरून आज माफी मागतो. चुकलं असेल ते लेकराचं समजून पोटात घाला.

रामकृष्ण हरी!