अंगारा आणि सुई
(वर्तकनगर येथील मासिक प्रार्थनासभेतील भाषण)



मागच्या सभेनंतर एका भगिनीने मला विचारलं, "हे आदिवासी लोक लेकरांना लस का देत नाहीत हो? इतकी अंधश्रद्धा?" घाईत मी मान हलवली. आज ती मान मागे घ्यायला उभा आहे.

शहापूर तालुक्यातल्या एका कातकरी पाड्यावर आम्ही सिस्टरबाईंसोबत गेलो होतो. ९ महिने पूर्ण झालेल्या बाळांना गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा होता. एका झोपडीत आजी नातवाला मांडीवर घट्ट धरून बसली होती. "भाऊ, गोवर म्हणजे आई येते, पाहुणचार घेते, जाते. तिच्या वाटेत सुई टोचली तर कोपेल." मी २०२२ ची मुंबई-भिवंडीतली साथ सांगितली, दगावलेली मुलं सांगितली. आजीने सगळं ऐकलं, हात मात्र सैल सोडला नाही. मग दाराआडून सून म्हणाली, "मोठा दीड महिन्याचा असताना सुई दिली. दोन रात्री तापला. भट्टीवरचं काम बुडालं, मुकादमाने नको ते ऐकवलं." आईचा कोप खरा होताच, पण त्याच्या पदराआड मुकादमाचाही कोप होता, आणि तो आम्ही कधी विचारलाच नव्हता.

परतताना मला वांद्र्याचे क्रूस आठवले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा आपल्या ईस्ट इंडियन बांधवांनी गावठाणांत क्रूस उभारले. त्यांतले काही आजही उभे आहेत. त्याच शहरात डॉ. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या क्रुसांना आपण अंधश्रद्धा म्हणत नाही. आणि लांब कशाला जा? "प्रभू राखील" म्हणत मी स्वतः तीन वर्षं साखर तपासली नाही. पायाची जखम भरेना, तेव्हा गेलो. मला कोणी अडाणी म्हटलं नाही. चर्चमध्ये तर माझ्या विश्वासाचं कौतुक झालं!

पुढच्या खेपेला आम्ही आधी भगताकडे गेलो. सुईनंतर ताप का येतो, त्यावर काय द्यायचं, हे सिस्टरबाईंनी त्याला शांतपणे सांगितलं. तो म्हणाला, "मंगळवारी आईची पूजा आहे. बुधवारी या."

बुधवारी आजी स्वतः नातवाला घेऊन आली. बाळाच्या कपाळाला अंगारा होता. तो पुसायला मी सांगितलं नाही. आपल्यातल्या काहींना हे रुचलेलं नाही, ते त्यांनी मला बोलूनही दाखवलं. त्यांच्याशी मी सभेनंतर बसेन.

त्या बाळाचा दुसरा डोस १६ महिने पूर्ण झाल्यावर. तोवर कुटुंब कल्याणकडच्या कुठल्यातरी वीटभट्टीवर असेल. लसीच्या कार्डाची प्रत आपल्याकडे आहे. त्या बाजूला राहणारं कोणी भट्टी शोधायला सोबत येईल का?