संसाराचा हिशेब आणि आपली मुले

(वर्षावासातील कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही विद्वान वक्ता नाही. सूतगिरणीत पाळी करणारा माणूस आहे. जे वाचले आणि वस्तीत पाहिले तेवढेच बोलणार. कमिटीने विषय दिला आहे काटकसरीचा. आता काटकसर म्हटले की आपल्या घरात पहिली कात्री कशावर चालते? पोरांच्या दुधावर. मग वहीवर, मग शाळेच्या सहलीवर. व्याजाला आणि माव्याच्या पुडीला मात्र कोणी हात लावत नाही. माझे म्हणणे असे की, कात्री उलट्या बाजूने चालवली पाहिजे.

भगवान बुद्ध कोलियांच्या कक्करपत्त नगरात असताना दीघजाणू नावाचा गृहस्थ त्यांच्याकडे आला. म्हणाला, आम्ही बायकापोरांच्या गराड्यात राहणारी संसारी माणसे, आमच्या कामाचे काही सांगा. बुद्धांनी त्याला घर सोड म्हणून सांगितले नाही. मेहनतीने मिळव, मिळवलेले सांभाळ, चांगल्यांची संगत धर आणि आवक-जावक ओळखून राहा, असे चार गोष्टींचे सांगितले. तळ्याचा दाखलाही दिला. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. जाण्याच्या वाटा म्हणजे बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट संगत. या उघड्या राहिल्या आणि वरून पाऊसही आला नाही, तर तळे आटणारच. पण त्याच उपदेशात जवळ असून उपाशी राहणाऱ्यालाही बुद्धांनी नावे ठेवली आहेत, हे विसरू नका. कंजुषी वेगळी.

आपल्या काळात त्या तळ्याला पाचवी वाट फुटली आहे, ती खाजगी व्याजाची. हिशेब करू या. पोरांनो, तुम्हीही करा. जून महिन्यात फी, गणवेश, वह्या यांच्यासाठी एका बापाने वीस हजार काढले, शेकडा पाच रुपये महिना व्याजाने. महिन्याला हजार रुपये झाले. दोन वर्षांत चोवीस हजार भरले. मुद्दल किती फिटले? एक पैसाही नाही! वीस हजार तसेच उभे. आता तेच वीस हजार पतपेढीतून वर्षाला बारा टक्क्यांनी काढले असते, तर महिन्याला साडेनऊशेच्या आत हप्ता बसून दोन वर्षांत कर्ज व्याजासकट मिटले असते. म्हणजे हप्ता कमी आणि मानही मोकळी. पतपेढी दोन जामीन मागते, कागद मागते, चार चकरा मारायला लावते, म्हणून माणूस गल्लीतल्या सावकाराकडे जातो. त्या चार चकरांची किंमत वीस हजार पडते हो! आणि परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याने गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे करता येते.

मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बाया होत्या. किराणा उधारीवर, म्हणून वाणी लावील तो भाव. दिवसभर चुलीपुढे राबून हातात काही उरत नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँका १९६९ साली सरकारच्या झाल्या होत्या, म्हणून हे दार ठोठावता आले. आपल्या वस्तीतले बचत गट हेच काम करू शकतात. फक्त गटाचे कर्ज साडीला आणि टीव्हीला जाऊ नये, एवढे भगिनींनी बघावे.

आता पुरुष मंडळींचे. रोजच्या चाळीस रुपयांच्या माव्याचे महिन्याला बाराशे होतात. वर सांगितलेल्या पतपेढीच्या हप्त्यापेक्षा जास्त! दारूचा हिशेब मी मांडत नाही, तो ज्याच्या त्याच्या घरच्या बाईला पाठ आहे. लग्नाचेही तसेच. बौद्ध पद्धतीचा विधी साधा आहे, तासाभरात होतो. पण आदल्या रात्रीची हळद आणि डीजे यांनी बाप पाच वर्षे वाकतो. (वर्गणीही ऐपत बघून मागावी. कमिटीने राग मानू नये.)

बाबासाहेब १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते. प्रोफेसरचा पगार, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीत. पगारातून पैसा मागे टाकला तो लंडनच्या अपुऱ्या राहिलेल्या शिक्षणासाठी. तो पैसा पुरला नाही, मदत घ्यावी लागली, हेही खरे. पण शिलकीला नाव होते.

शेवटी मुलांविषयी, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. व्याजाने गांजलेला बाप घरी येतो आणि पोराला म्हणतो, "तुझ्या फीपायी कर्जात बुडालो." पोरगं ऐकतं, गप्प बसतं आणि दहावीनंतर स्वतःहून कामावर जातो म्हणतं. आपल्याला वाटते, पोरगं शहाणं झालं. अहो, त्याने शाळा सोडली ती तुमच्या एका वाक्याने! कर्ज फीचे नव्हते, व्याजाचे होते, हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

म्हणून घरात एक वही ठेवा. पगाराच्या दिवशी नवरा-बायको आणि दहा वर्षांवरची मुले एकत्र बसा. आवक किती, भाडे किती, किराणा किती, मुलांनाच लिहू द्या. बूट या महिन्यात का नाहीत आणि कोणत्या महिन्यात येणार, हे त्यांना वहीत दिसू द्या. तारीख कळली की पोरं हट्ट करत नाहीत, माझा अनुभव आहे. मात्र बापाचा माव्याचा खर्चही त्याच वहीत आला पाहिजे. तिथेच बरेचजण वही बंद करतात!

जूनचा खर्च दरवर्षी जूनमध्येच येतो. मग जुलैपासून महिन्याला हजार बाजूला टाकले, तर मे अखेर अकरा हजार होतात. निम्मे कर्ज तिथेच टळले. पोस्टात महिन्याला शंभर रुपयांपासून आवर्ती ठेव आहे, पण ती पाच वर्षांची, दहावीनंतरच्या शिक्षणासाठी. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी सुकन्या खाते काढता येते, वर्षाला किमान अडीचशे रुपये लागतात. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर मला भेटावे, कागदपत्रे सोबत आणावीत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!