बर्फाचा खडा

पत्रिकेवर विषय छापलाय ‘अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि मुखाचे आरोग्य’. मी बोलणार आहे बर्फावर. (हशा)

मज्जा म्हणजे काय, ती कशी देतात, हे सगळं तुमच्या वाचनात असणार. मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली भारतातलं पहिलं प्रत्यारोपण झालं, तेव्हापासून पेपरात येतंच आहे. आपल्यापुरतं एवढं धरा: प्रत्यारोपणाआधी केमोचा जबर डोस देतात. तो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतो, आणि तोंडाचं अस्तर तर सारखं नवं होत असतं. आठवड्याभरात तोंड येतं. मिसळ खाऊन येतं तसं नव्हे! अस्तर सोलवटून निघतं, थुंकी गिळवत नाही, कधी मॉर्फिन लावावं लागतं. नेमक्या त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात, आणि एरवी गुण्यागोविंदाने राहणारे तोंडातले जंतू जखमांवाटे रक्तात शिरतात.

आता बर्फ. मायलोमाच्या, म्हणजे मज्जेतल्या एका कर्करोगाच्या, रुग्णाला मेल्फालन हे केमोचं औषध देतात, शिरेतून, साधारण अर्ध्या तासात. हे औषध रक्तात फार वेळ टिकत नाही. सलाईन सुरू होण्याच्या जरा आधीपासून ते संपल्यावर थोडा वेळ तोंडात बर्फ धरला, तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तराला औषध कमी पोचतं. झालं!

पुढच्या रांगेतले रक्तविकारतज्ज्ञ हसताहेत. हसा. पण आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हे लिहिलंय, माझ्या घरचं नाही. दिवसच्या दिवस चालणाऱ्या औषधांना हा उपाय लागू नाही, हेही मान्य.

साताऱ्याकडच्या एक मावशी होत्या. नर्सने बर्फाची वाटी आणली, सुनेने ती परत पाठवली. “एवढं मोठं दुखणं, त्यात गार द्यायचं? घसा धरंल की!” मी तोंड दुखेस्तोवर समजावलं. सून ढिम्म. शेवटी मावशीच म्हणाल्या, “आण गं. डाक्टर, काला खट्टा घालता का वरनं?” (हशा) सरबत चालणार नाही म्हटल्यावर त्या सौद्यावर आल्या: बर्फ चघळते, पण मशेरीचं नाव काढायचं नाही. मी नाव काढलं. मग मशेरी कुठे विकत मिळते, घरी तव्यावर कशी भाजतात, सासूने कशी लावली, सगळं ऐकून घेतलं, आणि बोलता बोलता वाटी रिकामी झाली. पुढे त्यांचं तोंड आलं, पण मऊ भात गिळत होत्या. एका मावशीवरून शास्त्र ठरत नाही, ठाऊक आहे मला!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मी दंतवैद्य, आणि दात राहिलेच!

पटापट सांगतो. किडका दात, हिरडीतला पू, सगळं आधी निस्तरा. दात काढायचाच तर केमोच्या दहा ते चौदा दिवस आधी, म्हणजे जखम भरते. अगदी मऊ ब्रश. मीठ-सोड्याच्या गुळण्या, अल्कोहोलचं माउथवॉश नको. कवळी रात्री काढून ठेवायची. दुसऱ्याची मज्जा घेतली असेल, तर पुढे महिन्यांनी तोंड कोरडं पडू शकतं, गालाच्या आतून पांढऱ्या रेघा उमटतात. कोरड्या तोंडात दात भराभर किडतात, म्हणून तपासणी वर्षानुवर्षं चालू ठेवायची. मुलांच्या दातांच्या मुळांचं... नाही, ते पुढच्या वर्षी. बोलावलंत तर.

मागून कोण विचारतंय? घरच्या फ्रिजमधला बर्फ चालेल का? वॉर्डातल्या सिस्टरना विचारूनच. पाणी उकळून गार केलेलं हवं, खडे लहान हवेत, आणि धारदार कडा असतील तर आधी जरा विरघळू द्या.

(घंटा)