फवारणीची विषबाधा आणि रुग्णाची शुश्रूषा

(निपाणी–बेळगाव सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या भागात कीटकनाशकाला सर्रास ‘औषध’ म्हणतात. ‘आज तंबाखूला औषध मारले,’ असे शेतकरी सहज बोलतो. या एका शब्दाने पुष्कळ घोटाळा होतो. पिकाला वाचविणारे ते औषध माणसाच्या अंगात गेले की विष ठरते. आणि त्या विषावर जे खरे औषध दवाखान्यात दिले जाते, ते पाहून नातेवाईक कित्येकदा घाबरून जातात. या दोन्ही औषधांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत. मी वैद्य नव्हे. वैद्यकशास्त्राने जे सिद्ध केले आहे ते सोप्या भाषेत लोकांपर्यंत पोचविणे, एवढेच माझे काम आहे.

प्रथम शरीराची रचना ध्यानात घेऊ. मेंदूचा हुकूम मज्जातंतूंतून येतो आणि तंतूच्या टोकाशी एक रासायनिक द्रव्य सुटते. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. तंतूच्या टोकाचा संदेश अशा रासायनिक द्रव्याच्या द्वारे जातो, हे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावरील प्रयोगाने दाखविले. या विषयातील कार्याबद्दल त्यांना व सर हेन्री डेल यांना 1936 चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. हे द्रव्य लाळ सोडते, घाम आणते, आतडी हलविते, नाडी मंद करते आणि स्नायूंना आकुंचन पावावयास लावते. काम होताच एक विकर त्याचा तत्काळ नाश करते. पाटाचे पाणी सोडणारा एक आणि दार बंद करणारा दुसरा, अशी ही व्यवस्था आहे.

फॉस्फरसयुक्त कीटकनाशके दार बंद करणाऱ्या त्या विकरालाच निकामी करतात. मग पाणी वाहतच राहते. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, तोंडाला लाळ व फेस येतो, घाम, अश्रू, उलटी, जुलाब सुरू होतात, कपड्यांत लघवी होते. छातीत कफ दाटून घुरघुर होते, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थकतात. रुग्ण दगावतो तो बहुधा श्वास बंद पडून. कार्बामेट वर्गातील कीटकनाशकेही असाच परिणाम करतात.

येथे निपाणीकरांना आपुलकीची वाटावी अशी एक गोष्ट सांगतो. ॲसिटिलकोलीन ज्या ठिकाणी काम करते त्यांचे शास्त्रज्ञांनी दोन प्रकार केले. एकाला अळंबीतील विषाचे नाव मिळाले, तर दुसऱ्याला तंबाखूतील निकोटिनचे. कारण निकोटिन त्याच जागी जाऊन बसते. तंबाखूच्या ओल्या पानांतून हे निकोटिन कातडीवाटे अंगात शिरते. सकाळच्या दवात किंवा पावसानंतर शेंडे खुडणाऱ्या, पाने काढणाऱ्या मजुरांना मळमळ, उलटी, डोकेदुखी, चक्कर येते. हा ‘हिरव्या तंबाखूचा आजार’ होय. पुष्कळजण तो ऊन लागल्याचा किंवा पित्ताचा समजतात. दव सुकल्यावर काम करणे, पूर्ण बाह्यांचे कपडे व हातमोजे घालणे, ओले कपडे लगेच बदलणे आणि साबणाने हातपाय धुणे, हे त्यावर सोपे उपाय आहेत. परंतु तंबाखूवर फवारणी झालेली असेल आणि मजुराच्या बाहुल्या बारीक होऊन लाळ वा घुरघुर दिसू लागली, तर ते निकोटिनचे समजून घरी बसू नये.

आता प्रथमोपचार. रुग्णाला शेतातून बाहेर मोकळ्या हवेत आणावे. भिजलेले सर्व कपडे काढावेत आणि केस, नखे, कानामागची जागा साबण व भरपूर पाण्याने धुवावी. धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत. काढलेले कपडे वेगळ्या पिशवीत बांधावेत. रुग्णाला कुशीवर निजवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. मिठाचे पाणी, ताक, तेल किंवा लिंबू पाजून उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. त्यानेच कित्येकदा फुप्फुसात द्रव शिरतो. धोतऱ्यात ॲट्रोपीनसारखी द्रव्ये असतात, हे ऐकून कोणी धोतऱ्याच्या बियांचा प्रयोग करील, तर एका विषात दुसऱ्याची भर पडेल. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सीमेच्या दोन्ही बाजूंना मिळते. निपाणीहून कोल्हापूर सुमारे 40 आणि बेळगाव सुमारे 75 किलोमीटर आहे. परंतु दूरच्या मोठ्या रुग्णालयाच्या ओढीने जवळचे आरोग्य केंद्र ओलांडून जाऊ नये. पहिले इंजेक्शन तेथेच मिळू शकते. कीटकनाशकाची बाटली मात्र आठवणीने बरोबर न्यावी.

हे इंजेक्शन म्हणजे ॲट्रोपीन. ते ॲसिटिलकोलीनची जागा अडवून धरते, त्यामुळे कफ आटतो व नाडी वाढते. आपल्याकडे त्याच्या एका लहान कुपीत बहुधा 0.6 मिलिग्रॅम औषध असते. प्रौढ रुग्णाला सुरुवातीस अशा 3 ते 5 कुप्या देतात आणि दर पाच मिनिटांनी तपासून, गरज असेल तर मात्रा दुप्पट करीत जातात. छाती स्वच्छ होईपर्यंत आणि नाडी 80 च्या वर जाईपर्यंत हा क्रम चालतो. नंतर सलाइनमधून ते सावकाश चालू ठेवतात. रिकाम्या कुप्यांचा ढीग पाहून ‘एवढी इंजेक्शने कशासाठी?’ असे नातेवाइकांनी म्हणू नये. या आजारात तो ढीगच रुग्णाला तारतो. मात्रा किती हे अर्थात डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते.

येथून पुढे परिचारिकेचे काम सुरू होते, आणि माझ्या मते या साऱ्या उपचाराचा कणा तोच आहे. औषध कमी पडले तर रुग्ण कफात गुदमरतो. जास्त झाले तर वेगळाच अनर्थ होतो. या दोहोंमधील वाट डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. परिचारिका प्रारंभी दर काही मिनिटांनी आणि पुढे ठरलेल्या अंतराने नाडी, रक्तदाब, श्वास, ताप व बाहुल्या यांची नोंद करते. काखेत हात लावून घाम आटला का ते पाहते. छातीतील घुरघुर पुन्हा येत नाही ना, याकडे लक्ष देते. तोंडातील स्राव यंत्राने ओढून काढते.

ॲट्रोपीन अधिक झाल्याची लक्षणे अशी : अंग कोरडे व तापलेले, नाडी फार जलद, पोट फुगलेले, लघवी अडलेली आणि रुग्ण बडबडत, हवेत हात मारीत असलेला. हे दृश्य पाहून घरच्यांना ‘याला बाहेरची बाधा झाली’ किंवा ‘वेड लागले’ असे वाटते. तसे काही नसते. मात्रा कमी केल्यावर हा भ्रम उतरतो. अशा वेळी खोलीतील उजेड मंद ठेवावा, गलका करू नये, ओल्या फडक्याने अंग पुसावे, ओठ व तोंड ओलसर ठेवावे आणि एका ओळखीच्या माणसाने शांत आवाजात बोलत राहावे. पाणी मागितले तरी परिचारिकेला विचारल्याशिवाय पाजू नये. गिळण्याची शक्ती आली नसेल तर ते फुप्फुसात जाते.

सर्वांत घातक चूक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घडते. रुग्ण शुद्धीवर येतो, चार शब्द बोलतो आणि नातेवाईक सही करून त्याला घरी नेतात. वास्तविक विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या काळात मानेचे व श्वासाचे स्नायू अचानक दुबळे होऊ शकतात. श्रीलंकेतील डॉक्टरांनी 1987 मध्ये या अवस्थेचे सविस्तर वर्णन केले. निकोटिनच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागांवर ॲट्रोपीनचा इलाज चालत नाही, म्हणून हा दुबळेपणा त्याने थांबत नाही. कृत्रिम श्वासाचे यंत्रच लागते. त्याची पहिली खूण अगदी साधी आहे. रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. ही खूण दिसताच परिचारिकेला हाक मारावी. डॉक्टरांनी सोडल्याखेरीज रुग्ण हलवू नये.

काही कुटुंबे विष कशाचे हेच लपवितात, कारण पोलिसांची भीती वाटते. अपघाती रुग्ण असो वा अन्य, कायदेशीर सोपस्कारांआधी जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात दिला. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 अन्वये जिवाचे बरेवाईट करू पाहणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार व आधार द्यावयाचा आहे. तेव्हा लपवू नये. शुद्धीवर आलेल्या माणसाला दूषणे देऊ नयेत. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर बोलण्यास साह्य करावे.

अनर्थ टाळण्याचे मार्गही आहेत. 1958 मध्ये केरळात कीटकनाशक सांडलेल्या धान्यपिठामुळे शंभरावर माणसे दगावली, आणि पुढे 1968 चा कीटकनाशक अधिनियम आला. त्यानुसार डब्यावर शंकरपाळ्याच्या आकाराचे चिन्ह असते. त्यातील लाल रंग सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. आतील पत्रकात लक्षणे व उतारा छापलेला असतो. आपल्या सीमाभागात पत्रक कधी कन्नडमध्ये असते, तर वाचणारा मराठी. कधी नेमके उलट. दोन्ही भाषा जाणणाऱ्या शिक्षकांनी ते शेतकऱ्याला वाचून दाखविले, तर त्याहून मोठी सेवा नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले आणि वीसहून अधिक मृत्युमुखी पडले, हे कोणीही विसरू नये. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस यांसारख्या कीटकनाशकांवर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. घरात जुना डबा पडून असेल तर तो वापरू नये आणि कृषी खात्याला कळवावे.

ग्रामस्थांनी वाऱ्याविरुद्ध फवारू नये, तुंबलेले नॉझल तोंडाने फुंकू नये आणि पाण्याच्या बाटलीत कीटकनाशक ओतून ठेवू नये. शिक्षकांनी बारीक बाहुल्या, लाळ व घुरघुर या तीन खुणा मुलांकडून पाठ करून घ्याव्यात. अधिकाऱ्यांनी फवारणीच्या हंगामापूर्वी आरोग्य केंद्रातील ॲट्रोपीनचा साठा व प्राणवायूचे नळकांडे स्वतः पाहून घ्यावे. आणि ज्याच्या घरचा रुग्ण रुग्णालयात असेल, त्याने धीर धरून परिचारिकेवर विश्वास ठेवावा. तिच्या नोंदवहीतील प्रत्येक आकडा त्याच्याच माणसाच्या श्वासाचा हिशेब असतो.