वेगळी चूल किती दिवस?



मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत. सॉफ्टवेअरची ओळखही मला तेथेच झाली. संगणकावर काम करणारी पोरे रात्री येतात आणि म्हणतात, "काका, चार महिने वेगळ्या शाखेवर काम केले, आता ते मुख्य शाखेत मिसळताना झोप उडाली."

शाखा म्हणजे प्रोग्रामची बाजूला काढलेली प्रत. आपण तीत बदल करीत असतो, तोवर मूळ प्रतही बदलत असते. दोन्ही जुळवण्याचे ओझे रोज वाढत जाते.

हा दोष मी स्वतः केला आहे. सभासदांची एक यादी कचेरीत, दुसरी माझ्या पिशवीत. नवी नावे पिशवीतच राहिली, आणि फरकाच्या रकमेच्या वेळी जुनी यादी गेली. ज्यांची नावे सुटली, त्यांच्या दारात मान खाली घालून उभा राहिलो.

लिनक्सचे उदाहरण पाहा. यंत्राला ठरल्या क्षणी उत्तर मिळालेच पाहिजे, यासाठी त्या प्रणालीत 'रिअल-टाइम' क्षमता आणण्याचे काम २००४ च्या सुमारास मुख्य शाखेबाहेर सुरू झाले. मुख्य प्रणालीची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघे, आणि या मंडळींना आपले बदल पुन्हा बसवावे लागत. ते काम मुख्य प्रणालीत पुरते आले २०२४ साली, ६.१२ या आवृत्तीत. वीस वर्षे! तरी ते तडीस गेले, कारण जो भाग तयार झाला तो त्यांनी वेळोवेळी मूळ घरी पोचता केला. अचूक घड्याळे आधी गेली; इतर भाग मागून गेले.

मग सारे मुख्य शाखेवरच करावे काय? अर्धवट काम तेथे गेले, तर सगळ्यांचेच अडते, हा आक्षेप खरा आहे. म्हणून वेगळी चूल जरूर मांडा, पण एक-दोन दिवसांपुरती. बदल लहान ठेवा, चाचणी घ्या आणि मिसळा. अपुरी सोय आत गेली तरी तिचे बटण बंद ठेवता येते.

आणि मालकवर्गाला माझे सांगणे एवढेच, की जुळवणीचे तास हेही कामाचेच तास आहेत. ते हिशेबात धरा. पोरांच्या झोपेतून ते कापू नका.