फटफटीचे निलंबन

(मंडळाच्या युवक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



‘सस्पेन्शन’ हा शब्द ऐकताच सरकारी नोकराच्या पोटात गोळा येतो. आमच्या कार्यालयीन मराठीत त्याला ‘निलंबन’ म्हणतात. आज मी ज्या सस्पेन्शनविषयी बोलणार आहे ते मात्र सुखाचे आहे. गाडीचे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जी स्प्रिंगची योजना असते, तिचे ते नाव. मी कला शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तेव्हा या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, अशी शंका आपणांस येणे स्वाभाविक आहे. अधिकार इतकाच, की दिल्लीतील आमच्या वसाहतीतल्या चार मुलांनी गेल्या वर्षी एका छोट्या फटफटीच्या मागच्या चाकाला घरच्या घरी स्प्रिंग बसवली, आणि त्या कामी हिशेबनीस व नकारघंटा वाजवणारे काका या दोन्ही भूमिका माझ्या वाट्याला आल्या.

जिला ‘मिनीबाइक’ म्हणतात त्या गाडीचा पूर्वेतिहास मोठा रंजक आहे. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी ब्रिटिशांनी ‘वेलबाइक’ नावाची घडीची गाडी केली. १९४२ पासून ती तयार होऊ लागली. इंजिन ९८ सीसीचे आणि स्प्रिंग कोठेच नाही! १९६१ साली जपानच्या होंडा कंपनीने टोकियोजवळच्या ‘तामा टेक’ या उद्यानात मुलांच्या करमणुकीसाठी ४९ सीसीची चिमुकली गाडी ठेवली. तिचाच वंश पुढे ‘मंकी’ या नावाने जगभर पसरला. तिलाही आरंभी स्प्रिंग नव्हती. पुढच्या चाकाला ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस मिळाली आणि मागच्या चाकाला त्याहूनही उशिरा. त्याच काळात अमेरिकेत हिरवळ कापण्याच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर चढवून लोक अशा गाड्या स्वतः करू लागले. आमच्या मुलांची गाडी त्याच जातीची. फक्त इंजिन पाण्याच्या पंपाचे होते.

अशा गाडीवर हाडे खिळखिळी होतात, याचे कारण तिच्या लहान चाकांत आहे. वाटेत ५ सेंटिमीटर उंचीचा दगड आला असे धरा. सायकलच्या ७० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला त्याचा धक्का उभ्या रेषेपासून सुमारे ३१ अंशांच्या कोनात बसतो. ३० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तोच ४८ अंशांत बसतो. म्हणजे मोठे चाक दगडावर चढते आणि लहान चाक त्याच्यावर आदळते. तो आघात थेट बसणाऱ्याच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोचतो.

यावर उपाय म्हणून ‘एक स्प्रिंग घाला की झाले’ असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः या योजनेची कामे तीन आहेत : दबणे, परतणे आणि शमणे. पहिली दोन कामे स्प्रिंग करते. तिसरे तिच्याने होत नाही, आणि नेमके तेच विसरले जाते. नुसत्या स्प्रिंगवरची गाडी एका खड्ड्यानंतर चेंडूसारखी उसळत राहते आणि चाक जमिनीवरून सुटते. चाक सुटले की ब्रेकही व्यर्थ आणि वळणही व्यर्थ. म्हणून शॉकअपच्या पोटात तेल असते. ते बारीक छिद्रांतून ढकलले जाताना उसळीची शक्ती उष्णतेत जिरते.

आता रचनेकडे वळू. मागचे चाक सांगाड्याला पक्के जोडलेले होते. ते सोडवून एका झुलत्या चिमट्यात बसवायचे. चिमट्याचे पुढचे टोक बिजागरीसारखे सांगाड्यात फिरते आणि शॉकअप चिमटा व सांगाडा यांच्यामध्ये येतो. चिमट्याची लांबी बिजागरीपासून चाकाच्या आसापर्यंत ३६ सेंटिमीटर ठरली. मायापुरीच्या भंगारात एका मोडक्या लुनाचे दोन शॉकअप मिळाले. १९७२ साली पुण्याहून निघालेली लुना दिल्लीच्या भंगारात भेटली, तेव्हा मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले!

परंतु ते नेमके कोठे लावायचे? येथे हिशेब हवा. गाडी ३० किलो आणि मुलगा ४५ किलो, एकूण ७५. त्यांतील सुमारे ४५ किलो भार मागच्या चाकावर येतो. चाक, चेन वगैरे स्प्रिंगखालचे वजन वजा केले की स्प्रिंगने तोलायचे ४० किलो उरतात. चाकाला एकंदर ९ सेंटिमीटर हालचाल द्यायची आणि मुलगा बसताच गाडीने त्यातील एक तृतीयांश, म्हणजे ३ सेंटिमीटर दबावे, असे ठरले. उरलेली हालचाल धक्क्यांसाठी राखीव. म्हणजे चाकापाशी दर सेंटिमीटरला सुमारे १३ किलो बळ हवे. शॉकअप चिमट्याच्या मध्यावर लावला, तर त्याच्यावरचा भार दुप्पट होतो आणि हालचाल निम्मी होते. म्हणून स्प्रिंग चौपट कडक लागते. मुलांनी स्प्रिंगवर धान्याच्या पिशव्या ठेवून मोजले, तेव्हा १२ किलोला १ सेंटिमीटर असे उत्तर आले. अशा दोन स्प्रिंगा बिजागरीपासून २७ सेंटिमीटरवर लावल्या की गणित जुळते. चारही मुलांनी वेगवेगळे बसून तेच उत्तर काढले, तेव्हाच मी वेल्डरकडे जाण्यास होकार दिला.

दुसरा प्रश्न चेनचा. चिमटा वरखाली झाला की इंजिनाची दातेरी चकरी आणि मागचा आस यांतील अंतर बदलते. चकरी, बिजागरी आणि आस ही तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. बिजागरी चकरीच्या मागे १० सेंटिमीटरवर होती. ही रेषा हालचालीच्या एका टोकाला ठेवली असती, तर दुसऱ्या टोकाला अंतर सुमारे अडीच मिलीमीटरने घटले असते. ती हालचालीच्या मध्यावर ठेवल्याने फरक १ मिलीमीटरच्या आत राहिला. चेनची ढील नेहमी याच मधल्या स्थितीत तपासावी.

पुढच्या चाकाविषयी मी हट्ट धरला, की तेथे हात लावायचा नाही. मागचा जोड सुटला तर गाडी बसते. पुढचा सुटला तर मुलगा तोंडावर पडतो. पुढे जाड टायर लावावा आणि बेताची हवा ठेवावी. टायरातील हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. गाडी तयार झाली ती शनिवारी, आणि रविवारी मैदानावर नेण्याचा बेत पक्का होता. मी म्हटले, आधी परीक्षा. बैठकीवर वाळूची पोती बांधली, मागचे चाक वीतभर उचलून सोडायचे, असे शंभर वेळा केले. मग प्रत्येक जोडाला रॉकेल लावून तो कोरडा पुसला आणि वर खडूची पूड भुरभुरली. लोखंडाला तडा गेला असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूत ओली रेघ काढते. उजव्या शॉकअपच्या वरच्या कानाजवळ तशी केसाएवढी रेघ उमटली. कोणी काही बोलले नाही. त्या जागी मुलगा बसलेला असता, तर काय झाले असते, हे प्रत्येकाला कळले होते. रविवारचा बेत रद्द झाला. तो जोड घासून नव्याने केला आणि त्याला त्रिकोणी पट्टीचा आधार दिला. शंभर आपटे पुन्हा मोजले गेले, खडू पुन्हा लावला, तो कोरडा राहिला, आणि मगच पहिला मुलगा शिरस्त्राण घालून गाडीवर बसला.

पालकांना एक विनंती. अशी घरगुती गाडी कुंपणाच्या आतच चालवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीवाचून मोटारगाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. असे झाल्यास दुसऱ्या अर्थाचे निलंबनही फार दूर राहणार नाही!

आणि युवकांनो, आपण घरापासून दूर वाढता. आपल्या आईवडिलांना ज्या गावच्या लोहार-सुतारांच्या पडव्या लहानपणी फुकट शिकवीत, त्या आपल्या वाट्याला आल्या नाहीत. परंतु मोजपट्टी, खडू आणि धीर या तीन गोष्टी कोणत्याही शहरात मिळतात. आपण काहीही बनवा, पण जी वस्तू दुसऱ्याचा जीव तोलणार आहे, तिला आधी वाळूची पोती तोलायला लावा.