फौजेचं बिल आणि आपलं वऱ्हाड

आज रिठदवरून बोलतोय, आणि विषय घरचाच आहे. आपलं गाव, रिसोड, वाशिम, अख्खं वऱ्हाड एकेकाळी एका फौजेच्या पगारापायी दुसऱ्याच्या हाती गेलं होतं. ते कसं, ऐका.

1800 साली निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनीचा तैनाती फौजेचा करार झाला. त्या फौजेच्या खर्चापोटी निजामानं मुलूख देऊन टाकला. हिशोब मिटला? नाही. करारात आणखी एक कलम होतं: युद्ध झालं तर निजामानं 6,000 पायदळ आणि 9,000 घोडेस्वार मदतीला द्यायचे. 'युद्ध झालं तर', हे शब्द लक्षात ठेवा. कारण पुढं रेसिडेंट हेन्री रसेलच्या काळापासून शांततेतही कायम राहणारी वेगळी फौज उभी राहिली. अधिकारी इंग्रज, पगार निजामाचा. हीच हैदराबाद कंटिन्जंट. तिची एक छावणी आपल्या शेजारी, पैनगंगेपलीकडं हिंगोलीला होती.

पगार थकला की कंपनी स्वतः पैसे भरायची आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायची. म्हणजे प्लॅन समोरच्यानं निवडायचा आणि ऑटो-डेबिट तुमच्या खात्यातून!

1853 मध्ये वसुलीची वेळ आली. गव्हर्नर जनरल डलहौसीला मुलूख कायमचा हवा होता. निजाम नासिर-उद-दौला अडून बसला. रेसिडेंट कर्नल लोनं शेवटी 'कायमचा' हा शब्द सोडला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या कारभारात गेले, मालकी निजामाचीच राहिली. खर्च भागून उरेल ते निजामाला, आणि दरवर्षी हिशोब. कागदावर सौदा बरा दिसतो. पण कारभारावर किती खर्चायचं, हे ठरवणार कंपनीच!

1860 च्या करारात 50 लाखांचं कर्ज माफ झालं, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. पण वऱ्हाडचा हिशोब मागायचा हक्क गेला. माझ्या मते खरी हार इथं झाली.

दिवाण सालारजंग पुढं वर्षानुवर्षं मागत राहिला: फौजेच्या खर्चाची रोख हमी घ्या, वऱ्हाड परत द्या. 1876 ला तो इंग्लंडलाही गेला. उपयोग झाला नाही. तोवर अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं आपल्या कापसाला सोन्याचा भाव येऊन गेला होता, रेल्वे आली होती. असा मुलूख कोण सोडतो?

1902 मध्ये लॉर्ड कर्झननं निजाम मीर महबूब अली खानकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं घेतलं, वर्षाला 25 लाख रुपयांवर. 1853 मध्ये सुटलेला 'कायमचा' हा शब्द असा परत आला. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि कंटिन्जंट इंग्रजांच्या भारतीय सैन्यात मिसळली. जिच्यासाठी मुलूख दिला ती वेगळी फौजच उरली नाही. मुलूख मात्र परत आला नाही.

या सगळ्यात रक्कम किती यावर खूप घासाघीस झाली. पण रक्कम कोण ठरवणार आणि हिशोब कोण पाहणार, हे ज्याच्या हाती राहिलं तोच जिंकला. आणि ज्याच्या शेतसाऱ्यातून हे बिल भरलं गेलं, त्या वऱ्हाडी शेतकऱ्याला कुठल्याच बैठकीत कुणी विचारलं नाही.

आज आपल्याला ग्रामसभेत हिशोब मागता येतो. तिथं खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा मला 1860 चं ते कलम आठवतं. निजामाचा हक्क करारानं गेला. आपला न वापरून जाईल.

भेटू पुढच्या भागात!